नळी काढणार कधी, ते आधी विचारा

डॉक्टर, नमस्कार.

माझ्या आईचं वय ६८. मधुमेह १२ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. पुढच्या महिन्यात तिचा उजवा गुडघा बदलायचं ठरलंय. भूलतज्ज्ञ म्हणाले, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मांडीत नसेजवळ (म्हणजे मज्जातंतूजवळ, रक्तवाहिनीजवळ नव्हे) एक बारीक नळी ठेवू, तिच्यातून बधिर करणारं औषध दोन-तीन दिवस हळूहळू जात राहील. सगळं ठीक असेल तर नळी आणि छोट्या पंपासकट घरीही सोडू. ऐकायला बरं वाटलं. पण माझ्या मावसभावाच्या खांद्याच्या ऑपरेशनला मानेशी अशीच नळी ठेवली होती. चौथ्या दिवशी ती जागा लाल झाली, सुजली, नळी काढावी लागली आणि पाच दिवस अँटिबायोटिक घ्यावं लागलं. ते ऐकल्यापासून आईचं एकच पालुपद, "मला ती नळी नको, दुखलं तर सोसेन मी." मी रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि मणक्याजवळ पू झाल्याच्या हकिकती वाचून माझीच झोप उडाली. जंतू नळीतून नसेत शिरून मणक्यापर्यंत जातात का? नव्या गुडघ्याला धोका आहे का? आईला मधुमेह आहे म्हणून नळी नाकारावी का? आणि घरी आणलंच तर मी नक्की काय बघायचं? मी काही नर्स नाही.

— काळजीत पडलेली मुलगी

नमस्कार.

आधी तुमच्या मावसभावाचं बघू, कारण तुमच्या घरात भीती तिथून आली आहे.

जागा लाल झाली, नळी काढली, पाच दिवस गोळ्या घेतल्या, बरा झाला. अशा नळ्यांच्या बाबतीत काही बिघडलं, तर बहुतेक वेळा ते इतक्यावरच थांबतं. घरात त्याला "इन्फेक्शन झालं" म्हणतात आणि तो शब्द फिरत फिरत तुमच्या आईपर्यंत येतो तेव्हा त्यात पू, ताप, आयसीयू असं सगळं मिसळलेलं असतं. आम्ही मात्र यात तीन पायऱ्या वेगळ्या धरतो. पहिली, नळीवर जंतूंची नुसती वस्ती. नळी काढून तिचं टोक लॅबमध्ये पाठवलं तर जंतू वाढतात, पण माणसाला काहीच झालेलं नसतं. दुसरी पायरी दाहाची: लाली, थोडी सूज, दाबल्यावर दुखणं. तिसरी म्हणजे खरा संसर्ग: पू, ताप, रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी, क्वचित खोलवर गळू. मावसभाऊ दुसऱ्या पायरीवर होता, फार तर तिसरीच्या उंबऱ्यावर.

या पायऱ्यांमध्ये अंतर किती आहे, ते आकड्यांत बघा. फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून हाडांच्या ऑपरेशननंतर अशी नळी ठेवलेल्या १,४१६ रुग्णांची पाहणी केली होती. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅबमध्ये तपासलेल्या नळ्यांपैकी जवळजवळ २९ टक्के नळ्यांवर जंतू सापडले. लाली-सूज अशी लक्षणं ३ टक्के रुग्णांत दिसली. आणि खोलवर गळू झालं ते एकाच रुग्णाला. त्याआधी, २००१ मध्ये, जांघेत नळी ठेवलेल्या २०८ रुग्णांच्या एका अभ्यासात तर ४८ तासांनी निम्म्याहून जास्त नळ्यांवर जंतू होते, तरी गळू एकालाही झालं नव्हतं. म्हणजे नळीवर जंतू येणं ही नवलाची गोष्ट नाही. आपल्या कातडीवर ते पिढ्यानपिढ्या राहतात, भोक दिसलं की डोकावणारच.

पण थांबा. त्या १,४१६ मधली ती एक जण मधुमेही बाई होती. ही गोष्ट तुमच्यापासून लपवून तुम्हाला धीर देणं मला पटत नाही. मधुमेहाकडे आपण परत येऊ.

आता जंतू जातात कसे, ते. नळी म्हणजे साधारण इंजेक्शनच्या सुईएवढी जाड, मऊ प्लास्टिकची दोरीच म्हणा. सोनोग्राफीच्या पडद्यावर नस बघत बघत सुई तिच्या शेजारी नेतात, सुईतून नळी सरकवतात, सुई काढून घेतात. नळीचं टोक नसेच्या बाजूला, स्नायूंच्या मधल्या पोकळ जागेत पडून राहतं. नसेच्या आत ते नसतं. त्यामुळे "नसेतून मणक्यापर्यंत" हा रस्ताच नाही. जंतूंची खरी वाट असते ती नळीच्या बाहेरच्या अंगावरून. कातडीला जिथे भोक पडलं तिथून ते नळीला धरून, एक चिकट थर तयार करत, इंचाइंचाने आत सरकतात. या थरात एकदा ते दडले की अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून नळीची जागा खरोखर बिघडली तर नळी ठेवून वर गोळ्या देत बसत नाहीत. नळी आधी काढतात. दुसरी वाट आतून, म्हणजे पंप आणि नळी जिथे जोडतात त्या सांध्यातून. कोणी तो सांधा उघडला, हात लावला, पुन्हा जोडला की तिथून. पण बाहेरची वाटच जास्त वापरातली.

तुम्ही मोबाइलवर वाचलेल्या मणक्याच्या हकिकती बहुतेक एपिड्युरलच्या असणार. त्यात नळी पाठीतून, मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाला लागून ठेवतात. तिथे पू झाला तर जागा अगदी अरुंद, दाब थेट मज्जारज्जूवर. म्हणून ते क्वचित होत असलं तरी भयंकर असतं. तुमच्या आईची नळी मांडीत आहे. नाव दोन्हीकडे कॅथेटर असल्यामुळे इंटरनेट दोन्ही एकाच टोपलीत टाकतं. तुम्ही तसं करू नका.

सगळ्या जागाही सारख्या नसतात. जांघेची घडी आणि काख या ठिकाणी घाम, ओल, घर्षण आणि जंतूंची दाटी. तिथल्या नळ्या लवकर बिघडतात. मानेशी नळी असली की माणूस मान वळवतो आणि दर वेळी ती भोकात किंचित आतबाहेर होते, दाढीच्या भागात पट्टीही नीट चिकटत नाही. मावसभावाचं तिथेच फसलं असावं. गुडघ्यासाठी हल्ली बऱ्याच ठिकाणी नळी जांघेऐवजी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला ठेवतात. जागा कोरडी, सपाट, डोळ्यांना दिसणारी. शिवाय मांडीचा पुढचा मोठा स्नायू तितका लुळा पडत नाही, त्यामुळे उभं राहताना गुडघा दुमडून पडायची भीती कमी. (हे जाता जाता: अशा नळीवर असलेल्या माणसाला जंतूंइतकीच, किंबहुना जास्त, भीती पडण्याची असते. पहिले दोन-तीन दिवस आई एकट्या संडासला जाणार नाहीत, एवढं बघा.) तेव्हा भूलतज्ज्ञांना पहिला प्रश्न हा विचारा: नळी जांघेत की मांडीच्या मध्यावर?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही. नळी काढणार कधी?

जर्मनीत अशा नळ्यांची एक मोठी नोंदवही ठेवली जाते. तिच्यातल्या ४४ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक हिशेब मांडला गेला. हातापायांच्या नसांजवळच्या नळ्या चौथ्या दिवसापर्यंत १०० पैकी ९९ जणांत संसर्गाशिवाय राहिल्या. सातव्या दिवसापर्यंत ९६. आणि पंधराव्या दिवसापर्यंत ७३. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात मोठा फरक पडला तो दिवसांमुळे. फ्रान्सच्या पाहणीतही ४८ तासांपेक्षा जास्त ठेवलेली नळी हे धोका वाढवणारं एक कारण निघालं, बाकीची कारणं म्हणजे आयसीयूतला मुक्काम, पुरुष असणं (का, ते मला विचारू नका, घाम आणि केस यांच्यावर संशय घेतात) आणि ऑपरेशनच्या वेळी प्रतिबंधक अँटिबायोटिक न मिळणं. हे शेवटचं तुमच्या आईच्या बाजूने आहे. गुडघा बदलताना ते इंजेक्शन चीर घेण्याआधी देतातच, त्याचा फायदा नळीलाही होतो.

दिवसांचं हे गणित मला पुस्तकातून कळलं होतंच, पण अंगी मुरलं ते एका रुग्णामुळे. घोट्याचं मोठं ऑपरेशन झालेला तरुण होता, गुडघ्याच्या मागे नळी. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी नळी काढायला गेले. तो म्हणाला, "डॉक्टर, आजची एक रात्र राहू द्या. आत्ता कुठे झोप लागतेय." त्याआधीच्या रात्री त्याने कशा काढल्या होत्या ते मी बघितलं होतं. मी पारदर्शक पट्टीवरून एक नजर टाकली, ठीक वाटलं, "बरं, सकाळी काढू" म्हटलं. पट्टीची खालची कड घामाने सुटलेली होती, ती मी पाहिली आणि बोटाने दाबून परत चिकटवली. आजही ते बोट मला आठवतं. सकाळी पट्टीखाली दमट वाफ धरलेली, भोकाभोवती रुपयाएवढी जागा काळपट लाल, हात लावला तर गरम आणि टणक. शेजारी दाबलं तसा भोकातून गढूळ पिवळा थेंब वर आला. नळी काढली, टोक लॅबला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, आठवड्याभरात तो बरा झाला. तो मला दोष देत नव्हता; त्या रात्री तो गाढ झोपला होता, हेही खरं. पण तेव्हापासून मी नळी घालते तेव्हाच केसपेपरवर काढायची तारीख आणि वेळ लिहिते. ती पुढे ढकलायची असेल तर कारण लिहून सही करायची, असा माझाच मला नियम. सही करताना पेन जरा जड होतं, आणि ते तसंच व्हायला हवं.

आता मधुमेह. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी आळसावतात, जखमा रेंगाळतात, म्हणून मधुमेही माणसात नळीची जागा बिघडण्याचा धोका जास्त. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण "मधुमेह आहे" आणि "साखर मोकाट आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हातात पूर्ण महिना आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, तिला एचबीएवनसी म्हणतात, ती आत्ताच करून घ्या आणि आकडा चढा असेल तर तुमच्या फिजिशियनना आत्ताच गाठा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको. ऑपरेशनच्या दिवसांत साखर साधारण १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. त्यासाठी चार दिवस इन्सुलिन द्यावं लागलं तर "आता कायमचं इन्सुलिन लागलं" म्हणून आईंना हबकू देऊ नका.

आणि इथेच आईंच्या "सोसेन मी"चा पेच आहे. दुखणं सोसण्यानेही साखर चढते. तीव्र वेदनेत शरीर जी संप्रेरकं सोडतं ती साखर वर ढकलतात. शिवाय दुखणारं माणूस हलत नाही, गुडघा वाकवत नाही, दीर्घ श्वास घेत नाही. पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ, आखडलेला गुडघा या पुढच्या गोष्टी. दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या जातीची औषधं जास्त द्यावी लागली तर मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर जपूनच. म्हणजे नळी नाकारली की धोका शून्य झाला असं होत नाही, तो दुसऱ्या खिशात जातो.

पण याचा अर्थ नळी घेतलीच पाहिजे असाही नाही. माझ्या व्यवसायातल्या काहींना हे आवडणार नाही, तरी सांगते: गुडघ्यासाठी नळी ही एकच वाट नाही. नळी न ठेवता त्याच जागी एकदाच इंजेक्शन देऊन नस बधिर करता येते. परिणाम साधारण अर्धा ते एक दिवस टिकतो. सर्जन ऑपरेशनच्या वेळीच सांध्याभोवती बधिर करणारं औषध टोचू शकतात. दोन्ही केलं आणि पॅरासिटॅमॉल वेळेवर, दुखायची वाट न बघता दिलं, तर अनेक जणांचं भागतं. पहिली रात्र आणि दुसरा दिवस हे सगळ्यात कठीण असतात, ते या मार्गाने निभावता येतं का, असं भूलतज्ज्ञांना सरळ विचारा. चांगला भूलतज्ज्ञ चिडणार नाही. तो म्हणाला की तुमच्या आईंचा गुडघा फार वाकडा आहे, मोठं काम आहे, किंवा मूत्रपिंडामुळे बाकीची औषधं वापरता येत नाहीत, म्हणून नळी हवी, तर ते कारण वजनदार आहे. "आमच्याकडे सगळ्यांनाच ठेवतो" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

माझी आई असती तर? साखर आटोक्यात असेल, नळी मांडीच्या मध्यावर असेल आणि दोन, फार तर तीन दिवसांत निघणार असेल तर मी हो म्हटलं असतं. साखर मोकाट असेल, मांडीवर कुठे फोड, गजकर्ण, पिकलेली पुळी असेल, किंवा अंगात दुसरीकडे कुठे जंतुसंसर्ग चालू असेल, तर नको म्हटलं असतं. खरं तर तेव्हा ऑपरेशनच पुढे ढकलायला सांगितलं असतं. मांडीवरची खरूज किंवा पुळी रुग्ण लपवतात, "एवढ्यासाठी तारीख जाईल" म्हणून. ते आईंना नीट विचारून घ्या.

नव्या गुडघ्याचं विचारलंत. नळीचं टोक सांध्यात नसतं, मांडीत असतं. नळीवर चार जंतू बसले म्हणून सांध्याला काही होत नाही. पण नळीची जागा खरोखर पिकली आणि दुर्लक्ष झालं तर जंतू रक्तात उतरू शकतात, आणि रक्तातल्या जंतूंना धातू-प्लास्टिकचा नवा सांधा बसायला आवडतो. म्हणून कृत्रिम सांधा बसवलेल्या माणसाच्या बाबतीत आम्ही नळीच्या लालीला "बघू उद्या" म्हणत नाही. त्याच दिवशी काढतो.

नळी घालताना काय होतं ते तुम्हाला दिसणार नाही, पण आईंना दिसेल. बऱ्याचदा त्या जाग्याच असतात. टोपी-मास्क, निर्जंतुक हातमोजे, कातडी स्पिरिटमिश्रित क्लोरहेक्झिडिनने पुसून ती पूर्ण वाळू देणं, सोनोग्राफीच्या दांड्यावर निर्जंतुक पिशवी. यातली "वाळू देणं" ही पायरी घाईत चुकते, आणि औषध वाळतानाच तर जंतू मारतं. काही जण नळी कातडीखालून बोटभर बोगद्यासारखी नेऊन लांब बाहेर काढतात आणि भोकावर वैद्यकीय गोंदाचा थेंब टाकतात. दोन्हीने नळी हलत नाही आणि गळती कमी होते. गंमत म्हणजे आतून जाणाऱ्या बधिर करणाऱ्या औषधांतही जंतूंना रोखण्याचा थोडाफार गुण आहे, प्रयोगशाळेत तो दिसतो. त्यावर विसंबून कोणी राहत नाही, एवढंच.

आता घरचं. तुम्ही नर्स नाही, हे बरंच आहे. नर्सला एका वेळी २० रुग्ण बघायचे असतात, तुम्हाला एकच.

दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, एकाच माणसाने बघायचं. दोघांनी आलटून पालटून बघितलं की "काल होतं का हे?" यावर वाद होतो. हात साबणाने धुवा, मोबाइलचा टॉर्च लावा, पारदर्शक पट्टीतून भोक बघा. पट्टी उचकटू नका. त्याच अंतरावरून, त्याच उजेडात रोज एक फोटो काढा. आठवणीपेक्षा फोटो खरं बोलतो. गोऱ्या कातडीवर लाली पटकन दिसते, सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, कधी दिसतही नाही. म्हणून बोटाच्या मागच्या बाजूने पट्टीवरून स्पर्श करा आणि दुसऱ्या मांडीशी ताडून बघा: जास्त गरम? टणक? दाबल्यावर दुखतंय? औषधामुळे तिथे थोडी बधिरता असली तर दुखणं झाकलं जाईल, म्हणून "आई दुखत नाही म्हणते" यावर सोडू नका. लाली दिसलीच तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढा, वेळ लिहा आणि फोन करा. ती रेघेबाहेर सरकतेय का, हे डॉक्टर विचारतीलच.

पट्टीखाली पाण्यासारखा स्वच्छ ओलावा दिसला तर घाबरू नका. ते बहुधा आत जाणारं औषधच नळीच्या कडेने बाहेर झिरपतंय. फार सर्रास होतं. किंचित गुलाबी असलं तरी पहिल्या दिवशी चालतं. पण या ओलाव्याने पट्टी सुटते, आणि सुटलेली पट्टी म्हणजे उघडं दार. कड सुटली तर माझ्यासारखं बोटाने दाबून चिकटवू नका; फोन करा, पट्टी बदलून घ्या. गढूळ, पिवळसर, वास येणारा स्राव असेल तर मात्र त्याच क्षणी.

नळी आणि पंपाचा सांधा सुटला, असं कधी कधी झोपेत कूस बदलताना होतं. सुटलेलं टोक पुसून, फुंकून परत जोडायचा मोह होतो. अजिबात जोडू नका. नळीवर ती बंद करायचा चिमटा असेल तर तो बंद करा, टोक स्वच्छ कोरड्या गॉजमध्ये गुंडाळा आणि रुग्णालयाला कळवा. बहुतेक वेळा ते नळी काढूनच टाकतील, आणि ते बरोबर आहे. अंघोळ नको, अंग पुसून घ्या. पंप कमरेच्या पिशवीत राहू द्या. तो फुग्यासारखा असेल तर हळूहळू आक्रसत जातो, आवाज करत नाही, म्हणून बंद पडलाय असं समजू नका. गरम पाण्याची पिशवी त्याच्याजवळ नको, उष्णतेने औषध भरभर जातं.

ताप. गुडघा बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडा ताप येतो, तो बहुतेक वेळा शरीराची ऑपरेशनवरची प्रतिक्रिया असते. पण तिसऱ्या दिवसानंतर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, किंवा कधीही हुडहुडी भरून ताप, किंवा आई असंबद्ध बोलू लागल्या, दम लागला, तर फोनही नको, थेट रुग्णालय. आणि एक गोष्ट जंतूंशी संबंध नसलेली, पण त्याच नळीची: जिभेवर धातूची चव, ओठ बधिर, कानात घूं आवाज, अंग थरथरणं. हे औषध रक्तात जास्त गेल्याचं लक्षण असू शकतं. चिमटा बंद करा आणि तातडीची मदत बोलवा. हे क्वचितच होतं; पण तुमच्या फ्रिजवर लिहून ठेवायच्या कागदावर त्याला एक ओळ द्या.

काढणं अगदी सोपं असतं, काही रुग्णालयं फोनवर सांगून घरीच काढायला लावतात. मला विचाराल तर मधुमेही रुग्णाची नळी जाणत्या हातानेच निघावी, म्हणजे भोक कोणीतरी उघड्यावर नीट बघतं. घरीच काढायची वेळ आली तर पट्टी सोलून, सावकाश, एकसारखी ओढा. अडली तर थांबा. पायात करंट गेल्यासारखी कळ आली तर थांबा. जोर लावायचा नाही, जोराने ती आत तुटू शकते. निघाल्यावर टोकावरची खूण शाबूत आहे का ते बघा आणि नळी फेकायच्या आधी तिचा फोटो काढा.

नळी निघाली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि ती जागा विसरतात. खोल गळू असेल तर ते नळी काढल्यानंतर काही दिवसांनीही डोकं वर काढतं. तेव्हा पुढचे दोन आठवडे पायमोजे घालताना, व्यायाम करवून घेताना मांडीकडे एक नजर टाकत जा. कमी होत आलेलं दुखणं मांडीत परत वाढू लागलं, वर काही दिसत नसलं तरी, तर सोनोग्राफी करून घ्या.

राहिल्या आई. नळी त्यांच्या मांडीत जाणार आहे, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. पण त्यांचा "नको" हा मावसभावाच्या हकिकतीला दिलेला आहे, स्वतःच्या गुडघ्याला नाही. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, खुर्ची त्यांची पुढे ठेवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या: जागा कुठली, नळीऐवजी एकदाच इंजेक्शन चालेल का, आणि काढणार कोणत्या दिवशी. मग त्यांनी नाही म्हटलं तर ते मान्य करा. हो म्हटलं, तर घरी निघताना डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका: नळी काढायची तारीख, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर.